सोडून दिलेला मासा

मागच्या व्याख्यानात आपण हेतू आणि परिणाम यांच्याविषयी बोललो. आज तोच प्रश्न एका माशाच्या निमित्ताने बघू.

आधी एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश होते. घर बदलायची वेळ आली, तेव्हा मी ते एका बागेतल्या ओढ्यात सोडले. दोन जीव मोकळे केले म्हणून फार बरं वाटलं. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस मी, पण ओढ्यात आधीपासून कोण राहतं, हा साधा प्रश्न काही मला पडला नाही.

गोल्डफिश मूळचा पूर्व आशियातला. हजारएक वर्षांपूर्वी चीनमध्ये करड्या-हिरवट कार्प माशांतून माणसाने निवडून निवडून त्याला सोनेरी केला. भांड्यात तो नाजूक दिसतो, पण आहे भलताच चिवट. पाण्यातला प्राणवायू संपला, तर शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. थंड पाण्यात तो असे बरेच दिवस काढू शकतो. खाताना तळाचा गाळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो. पाणी गढूळ झालं की ऊन खाली पोचत नाही, आणि गाळातली पोषकद्रव्यं वर आल्यामुळे शेवाळ माजतं. शिवाय स्थानिक माशांच्या तोंडचा घास जातो तो वेगळाच.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हास नदीत असेच सोडलेले गोल्डफिश वाढले. काही तर जवळजवळ दोन किलोंचे. संशोधकांनी खुणा बसवून पाहिलं, तर एका माशाने वर्षभरात २३० किलोमीटरहून जास्त फेरफटका मारला होता! अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डरजवळच्या एका तळ्यात २०१५ साली तीन-चार हजार गोल्डफिश असल्याचा अंदाज होता. तळं रिकामं करायचं की विजेचा झटका देऊन मासे काढायचे, याचा विचार चालू होता. तेवढ्यात पेलिकन पक्षी आले आणि त्यांनी ते फस्त केले. प्रत्येक तळ्याच्या नशिबी पेलिकन नसतात.

आता कांटकडे येऊ. १७८५ च्या ग्रंथात तो म्हणतो की निरपवादपणे चांगली अशी एकच गोष्ट, सदिच्छा. म्हणजे मी सुटलो? नाही. कारण तोच कांट पुढे विचारायला लावतो: तू ज्या नियमाने वागलास, तो सगळ्यांचा नियम झालेला तुला चालेल का? प्रत्येकाने नकोसा मासा ओढ्यात सोडला तर? माझी दया इथेच अडकते.

आणि खरा पेच पुढेच आहे. आता ओढा वाचवायचा तर ते मासे पकडून मारावे लागतात. त्यांचा काय दोष? काहीच नाही. मी ज्यांना जीवदान दिलं असं मानलं, त्यांच्या मरणाचं काम मी दुसऱ्या कुणावर तरी ढकललं होतं.

आपल्याकडे नकोशी वस्तू पाण्यात सोडायची सवय जुनीच. निर्माल्य घ्या, नाहीतर घरातला कासव घ्या. ‘सोडलं’ म्हटलं की आपण सुटलो असं वाटतं. पण सोडणं आणि जबाबदारीतून सुटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासा नको असेल तर दुकानदाराला परत द्या, पाळणाऱ्या कुणाला द्या. त्याला थोडे कष्ट पडतात. मंडळी, त्या कष्टांनाच मी आता दया म्हणतो.