फीच्या पावतीत दडलेले पैसे

जून-जुलै उजाडला की सोलापुरात दोन ठिकाणी गर्दी असते. एक कॉलेजात प्रवेशाची, दुसरी कर सल्लागाराकडे रिटर्न भरायची. दोन्हीकडे लागणारा कागद एकच, फीची पावती.

ती जरा उलगडून बघा. शिक्षण शुल्क, विकास निधी, जिमखाना, वसतिगृह... प्राप्तिकराच्या कलम ८०सीमध्ये चालते ती फक्त पहिली ओळ. देणगीही बाद. पीएफ, विमा धरून सगळ्याला मिळून मर्यादा दीड लाखाची. पण ही सवलत माणशी दोन मुलांची आहे! आईवडील दोघंही कर भरत असतील, तर चार लेकरांची फी दोन-दोन वाटून दाखवता येते. चाळिशीत एलएलबीला बसलेल्याला मात्र स्वतःच्या फीवर काही मिळत नाही. त्यानं बँकेचं कर्ज काढलं, तर व्याजावर मिळतं.

खरा खजिना तिथंच आहे. कलम ८०ईमध्ये व्याजाला मर्यादाच नाही. २००५पर्यंत मुद्दल-व्याज मिळून ४० हजारांची होती. आता मुद्दल वगळलं आणि व्याज मोकळं सोडलं. समजा, हप्ता १५ हजारांचा आणि त्यात व्याज ९ हजार. वर्षाचे १ लाख ८ हजार उत्पन्नातून वजा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह २२,४६४ रुपये वाचले. बारावीनंतरचा कुठलाही अभ्यासक्रम चालतो. २००४ साली सोलापूरला मिळालेल्या आपल्या विद्यापीठातली बीएस्सी असो, की जर्मनीतली एमएस.

या व्याजाच्या सवलतीचं घड्याळ आठ वर्षांचं. ते पहिलं व्याज भरलं त्या वर्षीपासून चालू होतं, नोकरी लागल्यावर नव्हे. शिकतानाच व्याज भरायला घेतलंत, तर वर्षंही तेव्हाच मोजायला लागतात.

थोरल्या भावानं धाकट्यासाठी कर्ज काढलं तर? आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, पण या कलमात भाऊ बसत नाही. स्वतः, नवरा-बायको, मुलं आणि कायदेशीर पालकत्व घेतलेला विद्यार्थी, एवढेच. भिशीतून किंवा मामाकडून उचललेले पैसेही नाहीत. मला हे मनापासून खटकतं. भावाला शिकवणाऱ्या भावाची नोंद कायद्यानं घ्यायलाच हवी.

आणि हे सगळं जुन्या करपद्धतीत! नव्या पद्धतीत ८०सीही नाही, ८०ईही नाही. २०२५-२६पासून तिथं १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नाही. व्याज मोठं असेल तर बँकेकडून व्याजाचा दाखला आणा आणि दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडा.

शिष्यवृत्तीला मात्र दोन्ही पद्धतींत कर नाही. सोलापूरच्या पूर्व भागात सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका घराघरात दिसतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कल्याण योजनेतून वर्षाला १,००० ते २५,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, वरची रक्कम व्यावसायिक अभ्यासक्रमांना. शिवाय २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्यानं पूर्ण माफ केलंय. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो प्रवेशाच्या आधीच काढून ठेवा.