जादू कमी, माणसं जास्त

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा पुण्याहून डाळजला आला तो एक जाड वही आणि एक मखमली पिशवी घेऊन. पिशवीत फासे होते. सोंगट्यांच्या डावातले लांबट फासे मी लहानपणी पाहिलेत. हे मात्र चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर चक्क वीस बाजूंचा. पोरगा इंजिनिअर, वय सत्तावीस. म्हणाला, "मामू, मला एक देश तयार करून द्या."

मी कवी माणूस. आजवर लोकांनी माझ्याकडून मानपत्रं लिहून घेतली, शाळेची स्वागतगीतं घेतली, एकदा तर मुलाण्याच्या हातून मंगलाष्टकंही लिहून घेतली. देश मात्र कुणी मागितला नव्हता.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी शिपाई, कुणी चोर, कुणी वैदू. सूत्रधार म्हणतो, "दिवस मावळलाय, नदीला पाणी चढलंय, नावाडी पलीकडच्या काठाला आहे. बोला, काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल असं बोलायचं, करायचं. नदी पोहून जायची म्हणाल, तर जमलं की बुडालात हे फासा सांगतो. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जात राहते, आणि एकेक मोहीम वर्ष वर्ष चालते. या खेळाचा पहिला प्रसिद्ध अवतार 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी तो १९७४ साली आणला.

हे ऐकून मला फारसं नवल वाटलं नाही. ज्याने तमाशाचा जुना वग पाहिलाय त्याला वाटणारच नाही. वगाची लिहिलेली संहिता बहुधा नसायचीच. कथेचा सांगाडा ठरलेला. राजा कोण, प्रधान कोण, कपट कुठे होणार एवढं सगळ्यांना ठाऊक. पुढचं बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. सोंगाड्या एखादं वाक्य असं टाकायचा की राजाला त्याचं उत्तर तिथेच शोधावं लागे. तळकोकणातले दशावतारी आजही असंच करतात. फरक एवढाच की तिथे प्रेक्षक असतात. या पोरांच्या खेळात खेळणारे तेच पाहणारे.

भाच्याची वही उघडली. पहिल्या पानावर सात प्रकारची जादू, चार जातींचे राक्षस आणि एक उडता किल्ला. माणसं तिसऱ्या पानावर, तीही निम्म्या ओळीत.

मला जादूचं वावडं नाही. माझी दादी रात्री अमीर हमजाचा किस्सा सांगायची. अकबर बादशहाने ज्या कथेची मोठमोठी चित्रं कापडावर काढून घेतली, तीच ही कथा. त्यातल्या अम्र अय्याराकडे जंबील नावाची पिशवी असते. त्या पिशवीत अख्खी दुनिया मावते. ऐकताना आम्ही पोरं तोंडात बोट घालायचो. पण दादीला मी एकदा विचारलं, "मग अम्र जेवतो कुठे?" ती म्हणाली, "जंबीलवाल्याला भूक कशाला लागेल? गप झोप." भाच्याच्या वहीची अडचण तीच होती. ज्याच्याकडे जंबील आहे त्याला भाकरीची फिकीर नाही, आणि ज्याला भाकरीची फिकीर नाही त्याच्या गोष्टीत सावकार येत नाही, पाऊस लांबल्याची धास्ती येत नाही. उडता किल्ला आला की वाट गेली. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते. पुण्याहून आमच्याकडे यायला चार-पाच मुक्काम. त्या चार मुक्कामांत खरी बातमी मागे राहते आणि अफवा पुढे पोचते. निम्म्या गोष्टी तिथेच घडतात. मंत्र म्हणून क्षणात पोचणाऱ्याला हे काहीच भेटत नाही.

आम्ही वही कोरी केली. मी त्याला म्हटलं, देश नंतर, आधी एक गाव. आणि कपाटातून 'गावगाडा' काढून दिलं. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचं हे पुस्तक १९१५ सालचं. असा खेळ रचणाऱ्याला याहून चांगलं गाईड मिळायचं नाही, असं माझं मत आहे. गावात कोण कुणाचं काय करतो आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर त्याला काय मिळतं, हे त्यात सापडतं. लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आणि आमचा मुलाणीही. पोरांनी चिठ्ठ्या टाकून सोंगं वाटून घेतली. शिपाई आणि जादूगार हवे असलेल्यांना परीट आणि रामोशी आले.

रामोशावर रुसलेला पोरगा दुसऱ्या दिवशी सगळ्यांत खूश होता. जुना रिवाज असा, की गावात चोरी झाली तर रामोशाने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर; त्यांनी तो पुढे काढायचा, नाहीतर भरपाई द्यायची. म्हणजे पावलांचा एक ठसा दोन गावांत भांडण लावू शकतो. या एका नियमावर त्यांच्या तीन रात्री गेल्या, राक्षस एकही न आणता.

एक नियम लिहिताना मात्र सगळे गप्प झाले. शिवेचा तंटा उभा राहिला की महार दाखवेल ती हद्द मानायची, आणि त्याच महाराने गावच्या विहिरीवर पाणी भरायचं नाही. एकाने विचारलं, "हे खेळात ठेवायचंच का?" मी म्हटलं, काढून टाकलंत तर तुमचा गाव खोटा होईल, ठेवलंत तर त्या विहिरीपाशी रोज काहीतरी ठरवावं लागेल. त्यांनी ठेवलं. ज्याला ते सोंग आलं होतं तो पोरगा पहिल्याच दिवशी घागर घेऊन विहिरीवर गेला. पुढचं सांगत नाही, खेळ अजून चालू आहे.

मग हिशेब. कवीला हिशेब जमत नाही असा समज आहे, पण कल्पनेतला गाव हिशेबानेच उभा राहतो. माणशी अर्धा किलो ज्वारी धरली तर पाच माणसांच्या घराला एक क्विंटल चाळीस दिवस पुरतो. घोड्याला दिवसाला दहा किलो चारा धरा. हजार घोड्यांची फौज गावाबाहेर उतरली की रोज दहा टन कडबा गेला. लढाई झाली नाही तरी गाव संपला. राक्षसाच्या जागी आम्ही लांडगा ठेवला. आमच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर तो अजून आहे. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला त्याची जी भीती वाटते ती कुठल्याही ड्रॅगनपेक्षा खरी आहे.

पण जादू अजिबात नाही म्हटल्यावर भाचा हिरमुसला. मी म्हटलं, ठेव, एकच ठेव आणि महाग ठेव. आम्ही पाणाड्या ठेवला. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून फिरणारा, नारळ उभा राहिला की "इथं खणा" म्हणणारा. खेड्यातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. त्याचा नियम असा केला: फासे सूत्रधाराने वाडग्याखाली टाकायचे आणि कुणाला दाखवायचे नाहीत, पाणाड्याचं सोंग घेतलेल्यालाही नाही. पाणी लागलं की नाही हे चाळीस फूट खणल्यावर, कर्ज काढल्यावर, घरातलं सोनं गहाण गेल्यावर कळेल. लागलं तर विद्या, नाही लागलं तर नशीब. पाणाड्याला स्वतःलाही आपल्यात काही आहे की नाही हे ठाऊक नाही. कमी जादूचं जग म्हणतात ते मला असं समजलं.

फाशांबद्दलही थोडं सांगतो, कारण त्यात गंमत आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारख्याच वेळा यायचा, शंभरात पाच. म्हणजे पराक्रम आणि फजिती दोन्ही रोजची. साधे सहा बाजूंचे तीन फासे एकदम टाकले तर बेरीज अठरा यायची शक्यता दोनशे सोळात एक. दहा किंवा अकरा मात्र चारात एकदा येतात. आपलं आयुष्य बहुतेक दहा-अकराचंच असतं. म्हणून आम्ही तीन फासे घेतले. भाच्याची मखमली पिशवी खुंटीवर गेली.

नकाशा काढायची वेळ आली तेव्हा मी त्याला आमच्या तालुक्याची एक हकीकत सांगितली. इंग्रजी अमलात प्रिंगल साहेबाची पहिली मोजणी फसली. सारा झेपेना म्हणून लोक जमिनी सोडून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीला सुरुवात केली ती आमच्या इंदापूर तालुक्यात. जमिनीचा कस आण्यांत मोजला, शेतांना नंबर दिले, दर तीस वर्षांसाठी कायम केला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. माझ्या आज्याच्या लेखी साखळी घेऊन येणारा मोजणीदार हा सगळ्यांत मोठा मांत्रिक होता. तो कागदावर रेघ ओढायचा आणि बांध सरकायचा. भाच्याने वहीत लगेच एक मोजणीदार घातला. तलवार नाही, मंत्र नाही, बगलेत कागदाची सुरळी. सगळी सोंगं त्याला टरकून आहेत.

आणि नकाशावरून गोष्ट पाण्यावर आली. ती डाळजमध्ये येणारच होती. आमच्या गावाच्या उशाला उजनीचा फुगवटा आहे. हिवाळ्यात त्यात रोहित पक्षी उतरतात, पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन भिगवणला येतात, चिलापी खाऊन परत जातात. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली जी घरं गेली त्यात आमचंही होतं. मी तेव्हा लहान होतो. मला फक्त गाडीत उलटी घातलेली बाज आठवते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, २०२४ सालीही आलं होतं, आणि लोक ते पाहायला जातात. माझे अब्बा आजवर एकदाही गेले नाहीत. जुन्या गावाबद्दल ते घरात बोलत नसत.

पोरांनी देश रचला तो असा: नदीवर खालच्या अंगाला राजा बांध घालतोय, दोन वर्षांत गाव बुडणार. नदीच्या उतारावर एक काळा धोंडा आहे. तो उलटा केला तर पाणी चढत नाही, असं एक म्हातारी सांगते. आजवर कुणी करून पाहिलेलं नाही. त्या रविवारी पाचही जण आमच्या ओसरीवर खेळायला बसले होते. धोंडा उलटवायचा की नाही यावर तासभर वाद चालला. रामोशी म्हणे उलटवा, परीट म्हणे म्हातारी खोटं बोलते.

अब्बा बाजेवर पडून होते. वय ब्याऐंशी. आम्हाला वाटलं झोपलेत. ते एकदम म्हणाले, "धोंडा उलटवला तर खाली सोलापूरकडं पाणी कुठनं जाईल?"

भाचा म्हणाला, "आजोबा, हा खेळ आहे. सोलापूर नाहीये त्यात."

"खाली कोणतरी असंलच की," अब्बा म्हणाले. "आम्हालाबी तेच सांगितलं होतं, खालच्या लोकांना पाणी पाहिजे. ते खोटं नव्हतं. धोंडा ऱ्हाऊ द्या. पर मोबदला आधी घ्या म्हणावं त्यांना. आम्ही घर आधी सोडलं. मग बारा वर्षं एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या."

कुणी फासे उचलले नाहीत. भाच्याने हळूच वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यात त्याने गावाचा नकाशा काढला होता. अब्बांनी चष्मा मागितला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"मशिदीचं दार पूर्वेला काढ," ते म्हणाले. "बाहेर पडलं की उजव्या हाताला चिंच, चिंचेखाली आड. त्याला बारा महिने पाणी असायचं. आण ती पेन्सिल इकडं."