छाटणीच्या कात्रीची बॅटरी चार्ज होत नाही? आधी हे तपासा



द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली. एप्रिलपासून पडून असलेली बॅटरीची कात्री बाहेर काढली की बऱ्याच वेळा बॅटरी चार्जच होत नाही. घाई करू नका, क्रमाने बघा.

१) बॅटरी फुगलीय, तडा गेलाय, पाण्यात पडली होती किंवा उग्र वास येतोय? *चार्जिंगला लावूच नका.* आतला लिथियम सेल शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

२) बाहेरून ठीक असेल, तर बॅटरीच्या पट्ट्यांवरचा चीक, माती कोरड्या कपड्याने पुसा. तापलेली असेल तर गार होऊ द्या, मगच चार्जर लावा.

३) तरीही नाही, तर मीटर डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. २१ व्होल्टच्या बॅटरीत ५ सेल ओळीने असतात. पूर्ण भरल्यावर एकेक ४.२ व्होल्टचा. १२ च्या खाली दाखवलं तर सेल फारच उतरलेत. दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून 'धक्का' देऊ नका, दुकानदाराकडे दाखवा. व्होल्ट बरोबर असतील, तर त्याच व्होल्टचा दुसरा चार्जर लावून बघा.

खराब बॅटरी भंगारात किंवा चुलीत टाकू नका, विकत घेतलेल्या दुकानात परत द्या.

छाटणी संपल्यावर बॅटरी अर्धी चार्ज करून घरात सावलीला ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

शंका असेल तर बॅटरीचा फोटो ग्रुपवर टाका.