‘तो मुळातच हळवा आहे हो!’
मुलांचं मन : भाग ७

गेल्या भागात वर्गातलं भांडण आणि छळ यांतला फरक पाहिला. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोघांच्या ताकदीतली तफावत. आता जरा अडचणीचा प्रश्न. छळ सोसलेली मुलं पुढे खचलेली दिसतात. ती छळामुळे खचतात, की आधीच नाजूक असतात म्हणून इतरांच्या तावडीत सापडतात?

शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ते या लेखाच्या शीर्षकात आहे. घरीही फार वेगळं ऐकू येत नाही. ‘दुर्लक्ष कर’ म्हणून विषय मिटतो.

ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यांतली मुलं ७ आणि ११ वर्षांची असताना पालकांना विचारलं होतं, की इतर मुलं याला त्रास देतात का. अशा ७,७७१ जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सुमारे २८ टक्के मुलांना अधूनमधून, तर १५ टक्के मुलांना वारंवार त्रास होत होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ साली याच नोंदींचा पाठपुरावा पन्नाशीपर्यंत नेला. वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य आणि चिंताविकार जास्त आढळले. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक, लहानपणीच्या भावनिक तक्रारी हे सगळं हिशेबात धरल्यावरही फरक उरलाच. चाळीस वर्षं!

तरी शंकेखोराला जागा राहतेच. स्वभाव रक्तातून आलेला असेल, तर तो हिशेबात कसा धरणार?

त्यासाठी जुळी मुलं उपयोगी पडली. एकसारख्या जुळ्यांचा जनुकीय वारसा जवळजवळ सारखाच असतो. घर एक, आईवडील तेच. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात संशोधकांनी अशा जोड्या वेगळ्या काढल्या, ज्यांत एकाचा छळ झाला होता आणि दुसऱ्याचा नाही. छळ सोसलेला भाऊ किंवा बहीण १०व्या वर्षी जास्त उदास, जास्त भेदरलेली दिसली. आधीपासूनच्या तक्रारी वजा केल्यावरही हा फरक टिकला. म्हणजे सगळं खापर स्वभावावर फोडता येत नाही.

पण हळवेपणाला काहीच अर्थ नाही, असंही नाही. २०१७ साली अकरा हजारांवर जुळ्यांवरचं आणखी मोठं काम प्रसिद्ध झालं. नाजूक मुलं जास्त वेळा लक्ष्य होतात, असं त्यातही दिसलं, आणि छळाचा स्वतंत्र परिणामही दिसला. त्यामुळे येणारी चिंता दोन वर्षांनीही होती, पाच वर्षांनी मात्र ओसरलेली होती. लोक आपल्या वाईटावर आहेत, हा संशय पाच वर्षांनीही काही प्रमाणात शिल्लक होता. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. सोळा वर्षांचा मुलगा हसतो-खेळतो, अभ्यास करतो, आणि वर्गात कुणी कुजबुजलं की ते आपल्याबद्दलच, असं धरून चालतो. त्याला कुणी आजारी म्हणणार नाही. फार तर ‘संशयी’ म्हणतील, म्हणजे पुन्हा स्वभावच!

चिंता ओसरते, याचा अर्थ थांबून वाट पाहायची असा नाही. अकराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे पाचवीपासून सातवीपर्यंतचा काळ. रविवारी संध्याकाळी पोटात दुखणं, शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचं टाळणं, डबा तसाच परत येणं अशा गोष्टी सलग दिसू लागल्या, तर ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न आधी नको. कोण, कुठे, कुठल्या तासाला, एवढं शांतपणे विचारा आणि लिहून ठेवा. वर्गशिक्षकांशी बोलताना ते कामी येतं. मूल मरणाची भाषा करू लागलं, तर शाळेच्या बैठकीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

पुढच्या भागात फिनलंड: वर्गात नुसती बघत उभी राहणारी मुलं छळाला बळ कसं देतात आणि तिथल्या शाळांनी त्यांनाच कसं हाताशी धरलं.