शिफारसपत्र म्हणजे वशिल्याची चिठ्ठी नव्हे

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर एरवी मी बेणे, खते आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण तो आपल्याच घरांतला आहे. आपल्या गटातील एका सभासदांची कन्या ऑगस्ट २०२५ मध्ये मृदाशास्त्राच्या एम.एस. पदवीसाठी अमेरिकेस गेली. बी.एस्सी. (कृषी) होऊन तिला बरीच वर्षे झाली होती. ती गेल्यापासून गट ऑफिसात अधूनमधून कोणीतरी येतो आणि विचारतो, "साहेब, चिठ्ठी कुणाची लावली? चेअरमनसाहेबांची का आमदारांची?"

चिठ्ठी कुणाचीच लावली नाही. तीन शिफारसपत्रे मात्र लागली, आणि ती मिळवताना आम्हा सर्वांची चांगलीच दमछाक झाली. आपल्या घरची मुलेमुली आता पदवी घेऊन चार-आठ वर्षे नोकरी वा शेती करतात आणि मग पुढे शिकायचे मनात घेतात. त्यांना आमच्यासारखे हेलपाटे पडू नयेत, यास्तव हा लेख.

शिफारसपत्र कशासाठी मागतात?

राहुरी, अकोला, परभणी व दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांत एम.एस्सी.चा प्रवेश परीक्षेवर व गुणांवर होतो. त्यासाठी गुरुजनांचे पत्र लागत नाही. त्यामुळे कॉलेज सुटले की मास्तर सुटले, अशी आपली सवय. परदेशात रीत वेगळी आहे. अमेरिकेतील विद्यापीठे बहुधा तीन पत्रे मागतात, इंग्लंडमधील बहुधा दोन. तेथे प्रवेश कोणाला द्यायचा हे त्या विषयाचे प्राध्यापक अर्ज वाचून ठरवतात. गुणपत्रक त्यांच्यापुढे असतेच. पण प्रयोग फसला तर हा विद्यार्थी काय करतो, नोंदी खऱ्या ठेवतो की सोयीच्या, सांगितल्यापलीकडे काही वाचतो का, हे गुणपत्रकात दिसत नाही. ते पाहिलेला साक्षीदार त्यांना हवा असतो.

आपण बेणे घेतो तेव्हा काय विचारतो? कोणत्या प्लॉटचे, किती महिन्यांचे, प्लॉट कोणी पाहिला. बेणे मळा न पाहता दिलेल्या दाखल्याला आपण विचारत नाही. येथेही तोच हिशेब आहे. पत्राखाली सही किती मोठ्या माणसाची, याला महत्त्व नाही. त्याने काम किती जवळून पाहिले, याला आहे.

मुलीचे वडील, त्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, ऑगस्ट २०२४ मध्ये प्रथम चेअरमनसाहेबांकडेच गेले होते. साहेबांनी त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितले, "आबा, पोरगी गुणाची आहे हे मला ऐकून ठाऊक. मी तिला शिकवलं नाही, तिचं काम बघितलं नाही. मी काय लिहिणार? तिच्या मास्तरांना गाठा." हा सल्ला लाखमोलाचा ठरला.

आठ वर्षांनी मास्तरांना गाठायचे कसे?

मुलीची पदवी २०१६ ची. तिने आपल्या एका सरांना इ-मेल केला: "सर, मी आपली विद्यार्थिनी. मला तीन दिवसांत शिफारसपत्र हवे आहे." उत्तर आले नाही. तिला वाईट वाटले. आबा तर चिडलेच: "एवढी फी भरली, मास्तर ओळख दाखवीना!" पण मास्तरांच्या बाजूनेही पाहावे. दरसाल नवी तुकडी येते. आठ वर्षांत शेकडो चेहरे डोळ्यांखालून जातात. नुसत्या नावावरून त्यांनी कोणाला ओळखावे आणि काय लिहावे?

मग गट ऑफिसात बसून आम्ही दुसरे पत्र तयार केले. त्यात पुढील गोष्टी घातल्या:

१) पदवीचे वर्ष, हजेरी क्रमांक, सरांनी शिकवलेला विषय व त्यात मिळालेले गुण.

२) प्रकल्पाचा विषय, त्याच्या अहवालाची प्रत आणि शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी ज्या गावी होती तेथील तुकडीचा फोटो. चेहरा दिसला की आठवण जागी होते.

३) पदवीनंतरच्या आठ वर्षांचा हिशेब. दोन वर्षे माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी, नंतर घरची शेती आणि क्षारपड रानातील स्वतःचे प्रयोग.

४) आताच पुन्हा का शिकायचे आहे, याची एका परिच्छेदात खरी हकीकत.

५) कोणत्या विद्यापीठांना अर्ज करणार आणि प्रत्येकाची शेवटची तारीख.

६) शेवटी एक ओळ: "आपणास वेळ नसेल किंवा पुरेसे आठवत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणावे, मी गैर मानणार नाही."

ही सहावी ओळ आबांना पटली नाही. "नाही म्हणायची वाट आपणच का दाखवायची?" असे ते म्हणाले. पण भिडेपोटी लिहिलेले पत्र कोमट असते. "विद्यार्थिनी नियमित व सद्वर्तनी होती" एवढ्या दोन ओळींनी भले होण्याऐवजी नुकसानच होते. त्यापेक्षा सरळ नकार बरा. दुसरा माणूस शोधता येतो.

चौथ्या दिवशी सरांचे उत्तर आले. त्यांना तिची प्रकल्पाची वही आठवली होती. आणखी काही तपशील त्यांनी उलट विचारून घेतले. दुसरे सर निवृत्त झाले होते आणि विभागाच्या जुन्या पत्त्यावर पत्र पोहोचत नव्हते. मुलगी एस.टी.ने कॉलेजात गेली, तेव्हा विभागातील शिपाईमामांनी सरांचे घर सांगितले. तात्पर्य, इ-मेलवर अडले की समक्ष जावे. आपल्या मास्तरांना विद्यार्थी भेटायला आलेला आवडतो.

कोणाचे पत्र घ्यावे?

पहिला मान प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचा. दुसरा, जो विषय पुढे शिकायचा त्याच विषयाच्या शिक्षकांचा, किंवा कार्यानुभवात ज्यांनी गावात येऊन काम पाहिले त्यांचा. ज्यांनी वर्गात कधी शिकवलेच नाही अशा विभागप्रमुखांचे पत्र केवळ हुद्द्यासाठी घेऊ नये.

कॉलेज सोडून बरीच वर्षे झाली असतील तर तिसरे पत्र नोकरीतल्या वरिष्ठांचे किंवा कामाशी संबंधित तज्ज्ञाचे घेण्यास पुष्कळ विद्यापीठे परवानगी देतात. शेतीव्यवसाय व्यवस्थापनासारख्या अभ्यासक्रमांना तर अशा पत्राचे स्वागतच असते. संशोधनाचा प्रबंध लिहावयाचा असेल तेथे मात्र शिक्षकांच्या पत्रांवर भर असतो. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. तेव्हा सूचना नीट वाचाव्यात आणि शंका असल्यास त्या विभागाच्या प्रवेश कार्यालयाला इ-मेल करून विचारावे. विचारल्याने अर्ज बिघडत नाही.

आणि एकही शिक्षक सापडत नसेल, निवर्तले असतील किंवा खरोखरच आठवत नसेल तर? तर एक वर्ष थांबावे आणि नवा साक्षीदार कमवावा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली आपल्याच रानात एक हंगाम शिस्तीने प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात, त्यांना दाखवाव्यात. ते वर्ष वाया जात नाही.

दोन खड्डे

पहिला खड्डा: "तूच लिहून आण, मी सही करतो." कामाच्या गर्दीत असे म्हणणारे शिक्षक भेटतात, त्यांचा हेतू वाईट नसतो. पण स्वतःचे पत्र स्वतः लिहिणे हे परदेशी विद्यापीठे लबाडी समजतात. शिवाय दोन-तीन पत्रांची भाषा एकच निघाली तर वाचणाऱ्याच्या ते चटकन ध्यानात येते. मोबाईलवर आयते तयार करून घेतलेले पत्रही असेच सपाट असते. तेव्हा पत्र लिहून नेऊ नये, मुद्द्यांचा कागद न्यावा. कोणत्या साली काय केले, काय चुकले, काय साधले, एवढे त्यावर असावे. लिहिणे त्यांचे त्यांना करू द्यावे.

दुसरा खड्डा याहून खोल. शहरातील एका एजंटाने आबांना सांगितले, "सरांच्या नावाचा इ-मेल आपणच काढू, पत्र आपणच टाकू, कुणाला कळतंय?" आबांनी मला विचारले म्हणून बरे झाले. ही सरळसरळ बनवेगिरी आहे. उघडकीस आली तर प्रवेश रद्द होतो, शिक्षण चालू असले तरी घरी परतावे लागते, आणि ज्या सरांचे नाव वापरले त्यांचीही विनाकारण बदनामी होते.

पत्र जाते कसे?

आता कागदी पाकीट बहुतेक ठिकाणी लागत नाही. विद्यार्थी आपल्या अर्जात शिफारस करणाऱ्याचे नाव, हुद्दा व इ-मेल भरतो. मग विद्यापीठाकडून त्या व्यक्तीला थेट इ-मेल जातो. त्यातील दुव्यावर जाऊन ती व्यक्ती पत्र चढवते आणि विद्यार्थ्याला किती वर्षांपासून ओळखता, त्याच्या बरोबरीच्यांत तो कितवा, असे प्रश्न असतील तर त्यांची उत्तरे भरते. कॉलेजचा किंवा संस्थेचा अधिकृत इ-मेल पत्ता दिलेला चांगला. निवृत्त सरांकडे तो नसेल तर विद्यापीठाला तसे आधी कळवावे. हा इ-मेल पुष्कळदा नको त्या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडतो, म्हणून सरांना फोन करून तेथेही पाहायला सांगावे. आमच्या एका सरांचा इ-मेल तेथेच सापडला, आणि तोही मुदतीला सहा दिवस उरले असता.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला शिक्षणसंस्थेतील आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का, असा प्रश्न अर्जात येतो. हक्क सोडावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण सोडलेला बरा, कारण विद्यार्थ्याला दिसणार नाही असे पत्र मोकळेपणाने लिहिलेले असते, असे वाचणारे मानतात.

वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांची अर्जाची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीत संपते. आपल्या भाषेत सांगायचे तर आडसाली लागणीच्या वेळी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, मास्तरांना पहिले पत्र जावे. पूर्वहंगामीच्या वेळी, ऑक्टोबरमध्ये, त्यांच्याकडे सर्व कागद पोहोचावेत. मुदतीच्या दोन आठवडे आधी नम्रपणे आठवण करावी. सुरू लागणीला जागे होणाऱ्याचे वर्ष गेले म्हणून समजावे.

माझ्या पत्राविषयी

तिसरे पत्र मुलीने माझ्याकडे मागितले. मी संकोचलो. मी कृषी पदविकेवाला, एम.एस.साठी माझ्या पत्राला कोण विचारणार? ती म्हणाली, "साहेब, आमचं रान सहा वर्षं तुम्हीच बघितलंय." विद्यापीठाला विचारले, त्यांनी चालेल म्हणून कळवले.

मग मी जे पाहिले तेच लिहिले. आबांच्या तीन एकरांत मीठ फुटले होते. मुलीने पहिल्या वर्षी निचऱ्याची सोय न करता जिप्सम टाकले आणि धैंचा गाडला. उगवणसुद्धा धड झाली नाही. ही चूक तिने लपवली नाही, वहीत तारखेसह लिहून ठेवली आणि शिवारफेरीत सर्व शेतकऱ्यांपुढे स्वतः सांगितली. पुढल्या वर्षी चर काढून पुन्हा सुरुवात केली. ज्या हस्तपुस्तकाच्या आधाराने आपण जमिनी क्षारयुक्त व चोपण ठरवतो, ते कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील प्रयोगशाळेने १९५४ साली काढलेले. ते तिने मिळवून वाचले आणि मला न सुटलेले प्रश्न विचारू लागली. मी पत्रात हेही लिहिले की, तिच्या प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी नाहीत, म्हणूनच तिने पुढे शिकावे असे मला वाटते.

चार ठिकाणी अर्ज केले होते. दोन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी प्रवेश मिळाला पण पैशाची मदत नव्हती, आणि ती आबांच्या ऐपतीबाहेरची गोष्ट होती. चौथ्या ठिकाणी संशोधन सहाय्यक म्हणून कामासह प्रवेश मिळाला. निकाल कळताच तिने दोन्ही सरांकडे पेढे पोहोचवले आणि मगच गाव सोडले. पेढे राहिले तरी चालतील, निकाल कळवायला मात्र विसरू नये. नकार आला तरी कळवावा. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला त्याला शेवट कळलाच पाहिजे.

सध्या शिकत असलेल्यांसाठी

ज्यांची मुले आज शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी एवढे करावे. प्रकल्पाचा अहवाल, कार्यानुभवाची वही व सर्व गुणपत्रके जपून ठेवावीत. कॉलेज सोडण्यापूर्वी दोन शिक्षकांना भेटून सांगावे, "सर, पुढे कधी गरज लागली तर येईन." आणि वर्षातून एकदा, शिक्षकदिनाला म्हणा किंवा दिवाळीला म्हणा, आपण काय करतो ते चार ओळींत कळवावे. लागणीची नोंद वेळेवर दिली तर तोडीच्या वेळी धावपळ होत नाही, हे आपणास सांगायला नकोच.

ज्यांना मुद्द्यांचा कागद तयार करताना मदत हवी असेल त्यांनी गट ऑफिसात यावे, आम्ही शेजारी बसून मदत करू. शिफारस मात्र ज्याने काम पाहिले त्याच्याकडूनच घ्यावी.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी