टिटवीचे घरटे आणि माझा मोती

पुणे शहराच्या पश्चिम भागात वेताळ टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे शहरातील सर्वांत उंच जागा. पहाट झाली की तेथे फिरावयास येणाऱ्यांची रीघ लागते. कोणी व्यायामासाठी येतो, कोणी मोकळ्या हवेसाठी, तर कोणी आपल्या कुत्र्याला घेऊन येतो. आपण तासभर फिरून घरी परततो. परंतु मोर, ससे, मुंगूस, तित्तर आणि टिटव्या यांचे घरच तेथे असते, याचा आपणांस सहसा विसर पडतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मोती नावाचा एक कुत्रा होता. तो स्वभावाने इतका गरीब की, शेजारचे मांजर त्याच्या ताटलीतले दूध पिऊन जाई आणि हा नुसता पाहत बसे! चैत्रातील एका सकाळी मी त्याला टेकडीवर नेले. माथ्यावरचे मोकळे माळरान दिसताच मी त्याची साखळी सोडली. बिचाऱ्याला मनसोक्त धावावयास मिळावे, एवढाच माझा हेतू होता. तो चार उड्या मारून पुढे जातो न जातो तोच दोन टिटव्यांचा कर्कश आक्रोश सुरू झाला. त्या मोतीच्या डोक्यावर झेपा घेऊ लागल्या. मोतीला तो खेळच वाटला. एक टिटवी जमिनीलगत उडत पुढे जाई, मोती तिच्यामागे धावे; ती वळे, हाही वळे. मी हाकांवर हाका मारीत होतो. पण त्याला जणू कानच नव्हते. पाव तासाने तो जीभ बाहेर काढून, शेपटी हालवीत परत आला. त्याच्या तोंडात एक पीसही नव्हते. मी निर्धास्तपणे घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर नित्य येणारे एक वृद्ध गृहस्थ मला भेटले. त्यांना पक्षी पाहण्याचा छंद होता. त्यांनी मला माळावरच्या एका उथळ खळग्यापाशी नेले. तेथे खड्यांमध्ये अंड्यांच्या कवचाचे तुकडे पडले होते. ते म्हणाले, “तुमच्या कुत्र्याने यांतील एकाही अंड्याला तोंड लावले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. अंडी नेली ती कावळ्यांनी. पण कावळ्यांना दार कोणी उघडून दिले, सांगा पाहू?”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी टिटवीची राहणी ठाऊक असावयास हवी. ही झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर लहानसा खळगा करून त्यात ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातकट असतो व त्यांवर काळसर ठिपके असतात. त्यामुळे दोन हातांवरूनही ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. उबविणे म्हणजे केवळ ऊब देणे नव्हे बरे! उन्हाळ्यात माळ तव्यासारखा तापतो. तेव्हा पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा राहतो. कित्येकदा तर तो पाण्यात पोटाची पिसे भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवितो. पिले अंड्यातून बाहेर पडताच चालू लागतात. परंतु उडता येईपर्यंत धोक्याच्या वेळी जमिनीशी चिकटून निश्चल बसणे, हाच त्यांचा मुख्य आधार असतो.

एखादे मुंगूस किंवा कोल्हा जवळ आला की टिटवी ओरडून आणि झेपा घालून त्याला दूर नेते. तेवढा वेळ अंडी उघडी राहतात. पण असा प्रसंग रोज अनेकदा येत नाही. माणसांच्या कुत्र्यांचे तसे नसते. सकाळी सहाला एक येतो, साडेसहाला दुसरा, सातला आणखी दोन. आणि उद्या पुन्हा तेच. प्रत्येक वेळी पक्ष्याला उठावे लागते. अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना घरट्याची जागा कळते. पंचतंत्रातील टिटवीने समुद्राने नेलेली अंडी परत मिळविली खरी. परंतु तिच्या साहाय्याला प्रत्यक्ष गरुड आला होता.

आता प्रश्न असा की, घरी मांजराला न दुखविणारा मोती टिटवीमागे का धावला? कुत्रा हा लांडग्याचाच वंशज आहे. माणसाने त्याला माणसाळविले त्याला किमान पंधरा हजार वर्षे तरी झाली असतील. लांडगा सावज हेरतो, त्याच्यावर टपून राहतो, पाठलाग करतो आणि मग पकडतो. माणसाने आपल्या गरजेप्रमाणे यांतील काही गुण वाढविले, काही दडपले. काही देशांतील मेंढ्या वळविणारे कुत्रे कळपाभोवती धावतात, पण सहसा चावत नाहीत. आपल्याकडील मुधोळ जातीचा उंच, सडपातळ कुत्रा तर सशामागे धावण्यासाठीच प्रसिद्ध झाला. पकडण्याची इच्छा मावळलेल्या कुत्र्यातही पाठलागाची ओढ शिल्लक राहते. समोर काही पळू लागले की ती एकदम जागी होते आणि मग धन्याची हाक ऐकू येऊनही मनापर्यंत पोहोचत नाही. यात कुत्र्याचा दोष तो काय?

“आमचा कुत्रा हाकेसरशी परत येतो,” असे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. मीही सांगत असे. अशांनी लंडन शहरातील रिचमंड पार्कची हकीकत ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने १६३७ साली शिकारीसाठी या जागेभोवती भिंत घातली. आज सुमारे अडीच हजार एकरांचे हे उद्यान सर्वांना खुले असून तेथे सहाशेहून अधिक हरणे मोकळी चरत असतात. २०११ साली फेंटन नावाचा एक कुत्रा तेथे हरणांच्या मोठ्या कळपामागे लागला. कळप मोटारींच्या रस्त्यावरून उधळला आणि धनी “फेंटन! फेंटन!” असे ओरडत मागून धावत राहिला. एका मुलाने ते दृश्य चित्रित केले व जगभर लाखो लोक ते पाहून हसले. हसू येण्यासारखे ते होतेच. परंतु त्या रस्त्यावर एखादी मोटार वेगात असती, तर हरणांची आणि माणसांचीही काय दशा झाली असती!

त्या उद्यानात हरिणी आपले नवजात पाडस उंच गवतात किंवा नेच्यांत लपवून चरावयास जाते. पाडस तेथे निमूट पडून असते, अगदी टिटवीच्या पिलासारखे. कुत्रा जवळ आल्यास हरिणी त्याच्यावर धावून जाते व तोही जखमी होतो. म्हणून अलीकडे मे ते जुलै या विणीच्या काळात तेथे सर्व कुत्र्यांना साखळीने बांधून नेण्याचा नियम केलेला आहे.

साखळी लावली म्हणजे सर्व काही साधले, असेही समजू नये. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराजवळच्या रानवाटांवर संशोधकांनी एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. ज्या वाटांवरून साखळीने बांधलेले कुत्रे नेले, तेथे दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४१ टक्क्यांनी आणि जातींची संख्या सुमारे ३५ टक्क्यांनी घटली. नुसती माणसे चालत गेली, तेव्हा घट याच्या निम्म्याहूनही कमी होती. पक्ष्याला साखळी दिसत नाही. त्याला लांडग्याचा भाऊबंद दिसतो. म्हणून कुत्र्याला मळलेल्या वाटेवरूनच न्यावे आणि विणीच्या दिवसांत माळ टाळून दुसरी वाट धरावी, हे बरे. त्याला रोगप्रतिबंधक लस टोचून घेणेही तितकेच अगत्याचे आहे. कारण कुत्र्यांना होणारे काही रोग कोल्ह्या-लांडग्यांनाही जडतात.

आपल्या देशाचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही या बाबतीत वाटतो त्याहून कडक आहे. त्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणे तर येतेच. पण वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे, तसेच रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे हेही येते. ते वाचले तेव्हा मोतीच्या त्या पाव तासाच्या खेळाची मला आठवण झाली आणि मान खाली गेली.

पुढच्या चैत्रात आम्ही दोघे पुन्हा टेकडीवर गेलो. मोतीची साखळी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती आणि आम्ही माळ सोडून खालच्या वाटेने चाललो होतो. वरून टिटवी एकदा ओरडली. मोतीने कान टवकारले, साखळीला एक हिसका दिला आणि तो थांबला. मीही थांबलो. टिटवी पुन्हा ओरडली नाही.