हेड रिकामाच का राहतो?

लिंक्ड लिस्टच्या प्रॅक्टिकलमध्ये हे नेहमी घडतं. मेनमध्ये हेड नावाचा पॉइंटर घेतला, त्यात नल ठेवलं आणि तो इन्सर्ट फंक्शनला दिला. फंक्शनने मॅलॉकने नोड तयार केला, त्याचा पत्ता हेडमध्ये टाकला. परत येऊन पाहावं तर लिस्ट रिकामी.

पॉइंटर पाठवला की फंक्शनला सगळंच बदलता येतं, हा गैरसमज याच्या मुळाशी आहे. सीमध्ये प्रत्येक आर्ग्युमेंटची नक्कल जाते आणि पॉइंटरही त्याला अपवाद नाही. तो ज्या जागेचा पत्ता सांगतो तिथला मजकूर बदलता येतो, पण मेनमधला पॉइंटर जसाच्या तसा राहतो. फंक्शन संपताच नक्कल नाहीशी होते आणि नव्या नोडचा पत्ता कुणाकडेच उरत नाही, म्हणजे वर मेमरी लीकही झाली. हेडच बदलायचा असेल तर हेडचा पत्ता द्यायला हवा, आणि तो घेणारा पॅरामीटर म्हणजेच दोन चांदण्यांचा पॉइंटर टू पॉइंटर.

ही केवळ परीक्षेपुरती करामत आहे असं मानू नका. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी 2016 च्या टेड मुलाखतीत लिस्टमधून नोड काढण्याचं उदाहरण दाखवलं होतं. नेहमीच्या पद्धतीत मागच्या नोडचा पॉइंटर सांभाळायचा आणि पहिल्या नोडसाठी वेगळी इफ लिहायची. पण हेड काय किंवा मागच्या नोडमधलं नेक्स्ट काय, दोन्ही नोडचा पत्ता ठेवणाऱ्या जागाच. त्या जागेचा पत्ता हाताशी ठेवला की वेगळी इफ लागतच नाही. मला डबल पॉइंटरचं खरं सौंदर्य इथेच दिसतं.

द्विमितीय अरे म्हणजे डबल पॉइंटर, हेही चूक. 3 ओळी आणि 4 स्तंभांचा इंट अरे म्हणजे सलग 12 इंट. चार बाइटचा इंट धरला तर 48 बाइट, आणि त्यात पत्ता एकही साठवलेला नसतो. तो डबल पॉइंटर म्हणून दिला तर कंपायलर तक्रार करतो. ती दडपली, तर फंक्शन आतल्या आकड्यांनाच पत्ते समजून बहुधा कोसळतं. असा अरे घेणाऱ्या फंक्शनला हवा असतो 4 इंटच्या अरेचा पॉइंटर.

स्ट्रक्चरची गंमत उलटी. अरे फंक्शनला दिला की पहिल्या घटकाचा पत्ता जातो. स्ट्रक्चर दिलं की सगळंच कॉपी होतं, आतल्या अरेसकट. मात्र आत नावासाठी कॅरॅक्टर पॉइंटर असेल तर फक्त पत्त्याची कॉपी होते. मग मूळ आणि कॉपी अशी दोन्ही स्ट्रक्चर एकाच नावाकडे पाहतात: एकाचं बदललं की दुसऱ्याचंही बदलतं, आणि दोन्हींवर फ्री चालवलं तर तीच मेमरी दोनदा सोडली जाते. अशा वेळी मॅलॉकने नवी जागा घ्यायची, शेवटच्या नल कॅरॅक्टरसाठी एक बाइट जास्त धरायचा आणि स्ट्रकॉपीने नाव तिथे उतरवायचं.